गाडी चालवताना कंबर धरते? आधी सीट लावा, उशी नंतर

लांबच्या प्रवासात कंबर धरली की बहुतेक जण दोनच गोष्टी करतात. चालत्या गाडीत सीटची पाठ थोडी मागे पाडतात आणि घरी पोचल्यावर ऑनलाइन उशी मागवतात. पाठ मागे पाडली की हात स्टिअरिंगपर्यंत ताणावे लागतात, मग मान दुखते. उशी आली की माणूस सीटवर पुढे ढकलला जातो आणि पायांचं अंतर बिघडतं. शेवटी दोष गाडीला लागतो.

सीटच्या सगळ्या सोयी एकमेकींवर अवलंबून असतात. उंची बदलली की पेडलचं अंतर बदलतं, अंतर बदललं की पाठीचा कोन बदलतो, कोन बदलला की स्टिअरिंग लांब जातं. त्यामुळे क्रम चुकला तर प्रत्येक दुरुस्ती आधीची दुरुस्ती मोडते. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. पहिल्यांदा अर्धा तास लागेल, नंतर दोन मिनिटं.

दुखतं का, तेही थोडक्यात. बसल्यावर कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होऊ लागतो. पाय पुढे लांब करून बसलं की मांडीच्या मागचे स्नायू ओटीपोटाचं हाड मागे ओढतात आणि आपण पोक काढून बसतो. घरच्या खुर्चीत आपण नकळत सतत हालत असतो. गाडीत दोन्ही पाय पेडलला आणि हात स्टिअरिंगला बांधलेले असतात, आणि खालून धक्के येत राहतात ते वेगळेच.

तयारी

गाडी सपाट जागी लावा. उतारावर लावलेली सीट सपाट रस्त्यावर चुकीचीच निघते. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवा.

ज्या चपला-बुटांत गाडी चालवता तेच घाला. सोल जाड असेल तर पेडलचं अंतर बदलतं. घरच्या स्लिपरवर सीट लावायची आणि बूट घालून कोकणात निघायचं, हे हमखास घडतं.

मागचे खिसे रिकामे करा. पाकीट, मोबाइल, किल्ल्यांचा जुडगा, सगळं बाहेर. पाकिटावर बसलं की एक खुबा वर आणि एक खाली राहतो, कणा तिरका होतो आणि कुल्ल्यातून जाणारी नस दाबली जाऊ शकते. फेब्रुवारी २०२१पासून फास्टॅग सक्तीचा आहे, टोलनाक्यावर पाकीट काढावंही लागत नाही. तरी ते मागच्या खिशातच असतं!

सीटवरची उशी, मण्यांचं कव्हर, मानेची उशी, सगळं काढून ठेवा. आपल्या गाडीत काय काय हलतं ते पाहून घ्या: सीट पुढे-मागे, पाठ, उंची, स्टिअरिंग वर-खाली, स्टिअरिंग आत-बाहेर, हेडरेस्ट. स्वस्त मॉडेलमध्ये उंचीची सोय बहुधा नसते, स्टिअरिंग आत-बाहेर होणं तर त्याहून दुर्मीळ. हाताशी एक छोटा टॉवेल ठेवा आणि बाजूने फोटो काढायला घरातलं कुणीतरी बोलवा. आपण कसे बसतो याचा आपला अंदाज फारच उदार असतो.

टप्पा १: बूड मागे टेकवा

सीटवर बसा, दोन्ही हातांनी किंचित वर उचला आणि बूड सीटच्या कोपऱ्यात, जिथे बैठक आणि पाठ मिळतात तिथे, पूर्ण मागे न्या. मग पाठ टेका. नुसतं मागे रेलून बसलं की खांदे टेकतात, पण बूड चार-पाच बोटं पुढेच राहतं. कमरेमागे पोकळी, सगळा भार माकडहाडावर. बाकीचे टप्पे कितीही नीट केले तरी हा चुकला तर उपयोग नाही.

*तपासणी:* कमरेच्या सर्वांत खालच्या भागामागे हात घालून पाहा. तिथे मूठ जात असेल तर अजून मागे सरका.

टप्पा २: उंची

खुबे गुडघ्यांच्या पातळीत किंवा किंचित वर हवेत. सीट खूप खाली असली की गुडघे वर येतात आणि पोटाशी कोन आवळला जातो. मग कमरेचा बाक टिकत नाही. सीट वर करा, पण डोकं आणि छत यांच्यात किमान चार बोटं जागा उरू द्या.

अनेक गाड्यांत सीट वर जाताना थोडी पुढेही सरकते. उंची अंतराच्या आधी ठरवायची ती यासाठी.

बुटक्या व्यक्ती बऱ्याचदा सीट खालीच ठेवतात आणि बॉनेट दिसावं म्हणून मान पुढे काढून बसतात. त्यांनी सीट निःसंकोच वर घ्यावी. उंचीची सोय नसलेल्या गाडीचा उपाय पुढे खरेदीच्या भागात आहे, आत्ता पुढे चला.

टप्पा ३: पेडलपासूनचं अंतर

सगळ्यात जास्त कमरा इथे बिघडतात, म्हणून थोडं थांबून करा.

क्लच पायाच्या पंजाने पूर्ण तळापर्यंत दाबा. त्या वेळी डावा गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे आणि बूड जागचं हलता कामा नये. पाय सरळ ताणला जात असेल किंवा शेवटच्या इंचासाठी खुबा पुढे घसरत असेल, तर सीट लांब आहे. एका दाबात काही जाणवत नाही. पण वाकड-हिंजवडीच्या संध्याकाळच्या गर्दीत क्लच शेकडो वेळा दाबला जातो, आणि प्रत्येक दाबाला कंबर डावीकडे खेचली जाते. डाव्याच बाजूला कंबर दुखते अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा.

ऑटोमॅटिक गाडीत उजव्या पायाने ब्रेक जोरात दाबून हीच परीक्षा घ्या. ब्रेकची परीक्षा इंजिन चालू ठेवून करा. बंद गाडीत दोन-तीन दाबांनंतर ब्रेक दगडासारखा होतो आणि अंदाज चुकतो.

फार जवळ बसणंही घातक आहे. छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मधोमध किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं, कारण एअरबॅग तिथूनच प्रचंड वेगाने उघडते. पेडल गाठताना हे अंतर राहत नसेल तर पाठ एक-दोन खाचा मागे घ्या आणि टप्पा ५ व ६ मध्ये जुळवून घ्या.

गुडघ्यामागची खळी आणि सीटची पुढची कड यांच्यात दोन-तीन बोटं जागा सोडा. कड पोटरीला लागली तर पायाला मुंग्या येतात.

*सावधान:* सीट सरकवल्यावर अंगाने पुढे-मागे ढकलून दोन्ही बाजूंचे लॉक बसलेत का ते पाहा. सीट कधीही चालत्या गाडीत सरकवू नका. ब्रेक मारताना सीट मागे गेली तर पाय पेडलपर्यंत पोचणार नाही.

टप्पा ४: बैठकीचा कल

सोय असेल तरच. मांडीला पूर्ण लांबीभर हलका आधार मिळेल इतपत पुढची बाजू उचला. मांडीखाली तळहात सहज सरकला पाहिजे, पण रिकामी जागा नको. पुढची बाजू जास्त उचलली की टप्पा २ मध्ये कमावलेलं सगळं जातं.

टप्पा ५: पाठीचा कोन

बैठकीपासून साधारण १०० ते ११० अंश, म्हणजे काटकोनापेक्षा थोडी मागे. मोबाइलमध्ये पातळी मोजणारं ॲप असतं. फोन सीटच्या पाठीच्या कडेला उभा लावा, उभ्या रेषेपासून १० ते २० अंश मागे दिसायला हवेत. बैठक मागे उतरती असेल तर त्या मानाने थोडं जास्त.

पाठ ताठ ९० अंशांत ठेवून ‘सरळ बसतो’ म्हणणारे अर्ध्या तासात पुढे झुकतात. कारण तेवढा वेळ ताठ बसायला स्नायू सतत आवळून धरावे लागतात. आणि हायवेवर सोफ्यात बसल्यासारखी पाठ पाडणारे हनुवटी छातीशी नेऊन रस्ता बघतात. त्यांची कंबर एक वेळ वाचते, पण मान आणि खांद्यांची पाती वाचत नाहीत.

टप्पा ६: स्टिअरिंग

खांदे सीटला टेकलेले ठेवून हात सरळ करा आणि मनगट स्टिअरिंगच्या सर्वांत वरच्या काठावर ठेवा. खांदा न उचलता मनगट टेकलं की अंतर बरोबर. मग हात घड्याळाच्या ९ आणि ३ वर आणले की कोपर आपोआप वाकतं.

खांदा सीटवरून सुटत असेल तर आधी स्टिअरिंग बाहेर ओढा, ती सोय नसेल तर पाठ एक खाच पुढे आणा. सीट पुढे सरकवू नका, पायांचं अंतर ठरलेलं आहे. स्टिअरिंगचं तोंड छातीकडे हवं, चेहऱ्याकडे नको, आणि मीटर स्पष्ट दिसले पाहिजेत.

टप्पा ७: कमरेचा आधार

आता टॉवेल घ्या. सीटला कमरेच्या आधाराची वेगळी सोय असेल तर ती आधी पूर्ण कमी करा आणि थोडी थोडी वाढवत न्या. नसेल तर टॉवेलची गुंडाळी करा, दाबल्यावर तीन-चार सेंटिमीटर राहील इतकी.

जागा नेमकी हवी. पँटचा पट्टा जिथे येतो तिथे किंवा त्याच्या किंचित वर, बाक सर्वांत खोल असतो तिथे. लोक गुंडाळी बरगड्यांच्या मागे लावतात आणि ‘टोचतंय’ म्हणून फेकून देतात. दुसरी चूक जाडीची. गुंडाळी जाड झाली की बूड पुढे सरकतं आणि आपण टप्पा १ वर परत येतो.

*तपासणी:* बसल्यावर दहा मिनिटांत गुंडाळीचा विसर पडला पाहिजे. ती सतत जाणवत असेल तर एक घडी कमी करा. खाली घसरत असेल तर नाडीने हेडरेस्टच्या दांड्यांना बांधा.

टप्पा ८: हेडरेस्ट आणि बेल्ट

हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या टाळूच्या पातळीत हवा, निदान कानांच्या वर. मानेमागे आलेलं हेडरेस्ट मागून धडक बसल्यावर काहीच थांबवत नाही. डोक्यामागे दोन-तीन बोटांपेक्षा जास्त अंतर नको. चालकाच्या सीटला मानेची फुगीर उशी लावू नका, ती डोकं पुढे ढकलते.

बेल्टचा खालचा पट्टा खुब्याच्या हाडांवर बसवा, पोटावर नाही. वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध. गरोदर असाल तर खालचा पट्टा पोटाच्या खालून गेला पाहिजे.

टप्पा ९: आरसे, अगदी शेवटी

आता तुम्ही जसे बसला आहात तसेच राहून मधला आरसा लावा. मागची काच पूर्ण दिसली पाहिजे. या आरशाचं खरं काम पुढे प्रवासात आहे. तास-दीड तासाने आरसा खाली करावासा वाटला तर समजा की तुम्ही घसरला आहात. आरशाला हात लावू नका, बूड मागे घ्या.

घरात दोघं गाडी चालवत असतील तर सीटच्या रुळाशेजारी दोन रंगांच्या चिकटपट्टीने खुणा करा आणि पाठीच्या खाचा मोजून ठेवा. रोज अंदाजाने सीट लावणाऱ्या जोडप्यात एकाची तरी कंबर दुखतेच.

कुठे दुखतं, त्यावरून कुठे चुकलं

वीस-पंचवीस किलोमीटर चालवून या. नवी बैठक पहिले काही दिवस अवघड वाटेल, पण कळ येता कामा नये. येत असेल तर सगळं परत हलवू नका. एका वेळी एकच बदल करा.

माकडहाड दुखत असेल तर बूड पुढे आलंय. डावा खुबा किंवा कमरेची डावी बाजू दुखत असेल तर क्लच लांब आहे, किंवा डावा पाय सतत क्लचवर टेकलेला राहतो. खांद्यांच्या पात्यांमध्ये रग लागत असेल तर पाठ जास्त मागे किंवा स्टिअरिंग लांब. मांडीची मागची बाजू बधिर होत असेल तर सीटची कड उंच आहे. उजवी पोटरी आणि नडगी भरून येत असेल तर टाच हवेत राहतेय. टाच जमिनीवर टेकवून पंजाने ॲक्सिलरेटर दाबता आला पाहिजे.

प्रवासात

सीट उत्तम लावली तरी शरीर एकाच स्थितीत फार वेळ टिकत नाही. दीड ते दोन तासांनी थांबायचं, दुखण्याची वाट न बघता. दुखायला लागल्यावर थांबणाऱ्याला पुढचा अख्खा प्रवास तेच दुखणं पुरतं.

समृद्धी महामार्गाचं यात विशेष लक्षात ठेवा. ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता, कारला १२०ची वेगमर्यादा, गिअर बदलायची गरज जवळजवळ नाही. घाटातल्या रस्त्याला आपण शिव्या देतो, पण तिथे अंग हालतं तरी. इथे तासन् तास माणूस पुतळा होतो. वेगाच्या नादात थांबे टाळू नका आणि पाय मोकळे करायला रस्त्याच्या कडेला तर अजिबात थांबू नका. सुविधा केंद्र किंवा पंप गाठूनच उतरा.

थांबल्यावर काय करता हेही महत्त्वाचं. गाडीतून उतरायचं, हॉटेलातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत पोक काढून बसायचं, मिसळ खायची आणि परत गाडीत बसायचं, ही विश्रांती नव्हे. खाणं बसून खा हवं तर, पण चहा उभ्याने प्या. आधी चार-पाच मिनिटं चाला. मग पाय थोडे फाकवून उभे राहा, दोन्ही तळहात कमरेवर ठेवा आणि हळू मागे वाका. पाच-सहा वेळा, दुखेल इतकं नाही. पायाचे अंगठे धरायचा व्यायाम या वेळी करू नका. दोन तास पुढे वाकलेल्या कमरेला आणखी पुढे वाकवण्यात काही हशील नाही.

गर्दीत गाडी थांबली की न्यूट्रल, आणि डावा पाय क्लचवरून काढून शेजारच्या पायठेवणीवर किंवा जमिनीवर. कंबरही वाचते, क्लच प्लेटही. उतारावर मात्र गाडी न्यूट्रलला सोडायची नाही, मग खंबाटकी असो की आंबा घाट. क्लच पूर्वीपेक्षा जड लागत असेल तर तो गॅरेजला दाखवा, ते कमरेचं दुखणं नाही.

प्रवासाला निघण्याआधी, टायर थंड असताना त्यांची हवा तपासा. आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असू शकतो. ‘लांब जायचंय, दोन पॉइंट जास्त टाक’ असं म्हटलं की प्रत्येक खड्डा थेट मणक्यात येतो. गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी दोन-तीन वेळा झुलत राहत असेल तर शॉकअप तपासून घ्या.

पोचल्यावर

चमक भरण्याचा सर्वांत मोठा धोका प्रवास संपल्यानंतरच्या पाच मिनिटांत असतो. बराच वेळ बसल्याने कमरेचे बंध सैलावलेले असतात, आणि आपण उतरून थेट डिकीतली आंब्याची पेटी उचलतो.

उतरताना दोन्ही पाय एकत्र बाहेर काढा, मग उठा. दोन-तीन मिनिटं फिरा. डिकीतलं जड सामान आधी कडेपर्यंत ओढा, अंगाजवळ घ्या, गुडघ्यात वाका आणि वळायचं असेल तर पावलं टाकून वळा. चालकाच्या सीटवर बसल्या बसल्या मागच्या सीटवरची बॅग ओढणं पूर्ण बंद करा. वळणं, वाकणं आणि वजन उचलणं तिन्ही एकदम होतं.

आता खरेदी, लागलीच तर

आठ-दहा दिवस टॉवेलवर काढा. टॉवेलने फरक पडला तरच कमरेची उशी घ्या, त्याच जाडीची. मोठी, मऊ, छान दिसणारी उशी सहसा चुकीची असते.

उंचीची सोय नसलेल्या गाडीत किंवा बैठक मागे खोल गेलेली असेल तर पाचरीच्या आकाराची, मागे जाड आणि पुढे पातळ, घट्ट फोमची उशी उपयोगी पडते. जाड बाजू पाच सेंटिमीटरच्या आसपास पुरे. माकडहाड दुखत असेल तर मागे खाच असलेली घ्या. उशी आणल्यावर टप्पा १ पासून सगळं पुन्हा करावं लागेल. डोक्यावरची जागा आणि बेल्ट आवर्जून पाहा. मण्यांचं कव्हर घाम कमी करतं, आधार देत नाही.

जुन्या गाडीत फोमच बसला असेल तर उशांवर पैसे घालवण्यापेक्षा कुशनवाल्याकडून फोम बदलून घेणं स्वस्त आणि टिकाऊ. मात्र सीटमध्ये एअरबॅग किंवा सेन्सर असेल तर हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरकडेच द्या.

*सावधान:* सीटच्या कडेला एअरबॅगची खूण असेल तर तिथे साधं कव्हर घालू नका. एअरबॅगसाठी खास शिवण असलेलंच कव्हर लागतं.

शेजारी बसलेल्यांसाठी एकच सूचना. सीट पूर्ण मागे पाडून झोपू नका. धडक बसली तर शरीर बेल्टखालून घसरतं. मागे बसलेल्या आजी-आजोबांचे पाय लोंबकळत असतील तर पायाखाली घट्ट बसेल अशी मऊ बॅग ठेवा आणि कमरेला टॉवेलची गुंडाळी द्या.

डॉक्टरकडे केव्हा

लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, लघवी अडकणं, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलता न येणं, यातलं काहीही झालं तर सीट लावत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अपघातानंतरची पाठदुखी, पाठदुखीसोबत ताप, झोपूनही न थांबणारी रात्रीची कळ, कारण नसताना उतरलेलं वजन, यांसाठीही लवकर दाखवा.

कळ गुडघ्याच्या खाली उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा सीट नीट लावूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडत नसेल तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला भेटा. जाताना बाजूने काढलेला तो फोटो सोबत न्या आणि दुखणं किती वेळ चालवल्यावर सुरू होतं, उतरल्यावर किती वेळात थांबतं, ते लिहून न्या. ‘गाडी चालवली की कंबर दुखते’ एवढ्यावर कुणालाच नेमकं काही सांगता येत नाही.